निवडीचा हक्क आणि सल्ल्याचा हक्क
(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील भाषण)



बारावीचे निकाल लागले की वाणिज्य शाखेच्या महाविद्यालयांसमोर रांगा लागतात. या रांगांत उभी असणारी मुले बहुतांशी कोणाची असतात, हे कार्यकर्त्यांना सांगावयास नको. विज्ञान शाखेच्या प्रयोगशाळांचा आणि शिकवणीवर्गांचा खर्च ज्यांना झेपत नाही, पण मुलगा किंवा मुलगी कचेरीत खुर्चीवर बसून काम करील अशी आस ज्यांनी उराशी बाळगली आहे, अशा गिरणी कामगारांच्या, यंत्रमाग कामगारांच्या, किरकोळ दुकानदारांच्या आणि कोरडवाहू शेतकऱ्यांच्या घरची ही मुले असतात. मुंबईचे सिडनहॅम महाविद्यालय १९१३ साली निघाले. आशियातील ते पहिले वाणिज्य महाविद्यालय. तेव्हा ही शाखा पेढीवाल्यांच्या आणि व्यापाऱ्यांच्या मुलांची होती. आज ती कनिष्ठ मध्यमवर्गाची आणि श्रमिकांची शाखा झाली आहे. म्हणूनच तेथे विद्यार्थ्याला कोणता सल्ला मिळतो, कोण देतो आणि कोणाच्या हितासाठी देतो, हा प्रश्न केवळ प्राध्यापकांचा नाही. तो समतेच्या चळवळीचा प्रश्न आहे.

एके काळी या सल्ल्याची फारशी गरज भासत नव्हती, कारण वाट एकच होती. १९ जुलै १९६९ रोजी १४ मोठ्या बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले, त्यानंतर गावोगावी शाखा उघडल्या, आयुर्विमा महामंडळ आणि सरकारी कचेऱ्या विस्तारल्या. बी. कॉम. व्हावे, टंकलेखन शिकावे, परीक्षा द्यावी आणि बँकेत लागावे, हा मार्ग चाळीतल्या शेजाऱ्यालाही ठाऊक होता. तो मार्ग अरुंद होता, पण सरळ होता. आज त्या नोकऱ्यांच्या जागी कंत्राटी कामे आली आहेत, लिपिकाचे काम यंत्र करू लागले आहे आणि वाणिज्य पदवीधराच्या समोर एका वाटेऐवजी वीस पाऊलवाटा फुटल्या आहेत. त्यांतल्या किती पुढे जाऊन बंद होतात, हे पाटीवर लिहिलेले नसते.

याच काळात शिक्षणाची रचनाही बदलली. १९८३ नंतर महाराष्ट्रात विनाअनुदानित व्यावसायिक महाविद्यालयांचे पर्व सुरू झाले. १९९९ मध्ये मुंबई विद्यापीठाने व्यवस्थापनाची स्वतंत्र पदवी, म्हणजे बी. एम. एस., आणली आणि तीही मुख्यतः विनाअनुदानित तत्त्वावर चालली. एकाच इमारतीत, एकाच मजल्यावर, अनुदानित बी. कॉम.च्या वर्गात कामगाराचा मुलगा आणि शेजारच्या वर्गात अनेक पट शुल्क भरणारा दुसऱ्याचा मुलगा, असे चित्र दिसू लागले. त्यानंतर राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० आले आणि २०२४–२५ पासून राज्यातील संलग्न महाविद्यालयांत ते लागू झाले. आता पहिल्या वर्षातल्या विद्यार्थ्यापुढे मुख्य विषय, गौण विषय, खुले ऐच्छिक विषय, कौशल्याचे विषय, मूल्यवर्धनाचे विषय अशी यादी ठेवली जाते. तीन वर्षांत १२० श्रेयांक मिळवून पदवी घ्यावी की चौथे वर्ष करून १६० श्रेयांकांची सन्मान पदवी घ्यावी, हेही त्यानेच ठरवावयाचे असते.

निवड वाढली, याचे दुःख समाजवाद्यांनी करण्याचे कारण नाही. एका साच्यातून सर्वांना काढणारे शिक्षण ही काही आपली मागणी नव्हती. परंतु निवड आणि सल्ला यांची जोडी फुटता कामा नये, हा इतिहासाचा धडा आहे. अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठाचे अध्यक्ष चार्ल्स एलियट यांच्या १८६९ ते १९०९ या प्रदीर्घ कारकीर्दीत ऐच्छिक विषयांची पद्धत रुजली. तिच्या पाठोपाठ विद्यार्थ्याला विषय निवडण्यास साहाय्य करणाऱ्या अध्यापकांची योजनाही करावी लागली. श्रीमंतांच्या त्या विद्यापीठालाही जे अपरिहार्य वाटले, ते गडचिरोलीच्या वा इचलकरंजीच्या महाविद्यालयाला अनावश्यक कसे म्हणता येईल? नव्या धोरणाच्या दस्तऐवजातही सर्व विद्यार्थ्यांना शैक्षणिक व व्यवसायविषयक मार्गदर्शन मिळेल, असे अभिवचन आहे. प्रत्यक्षात काय आहे? प्राध्यापकांच्या जागा वर्षानुवर्षे रिक्त, अनेक शिक्षक तासिका तत्त्वावर, एका वर्गातून दुसऱ्या वर्गात आणि एका महाविद्यालयातून दुसऱ्या महाविद्यालयात धावणारे. ज्याच्या स्वतःच्या पुढच्या वर्षाची शाश्वती नाही, त्याने शंभर-सव्वाशे मुलांच्या पुढच्या आयुष्याचा विचार करावा, ही अपेक्षा क्रूर थट्टा आहे.

मग पोकळी भरते कोण? ज्याच्या घरात सनदी लेखापाल आहे, त्याला सल्ला जेवणाच्या ताटावर मिळतो. ज्याच्या घरात नाही, त्याला तो रस्त्यावरच्या फलकावरून मिळतो. खासगी शिकवणीवर्ग, प्रवेश मिळवून देणारे मध्यस्थ आणि रिकाम्या जागा भरण्यासाठी नेमलेले तथाकथित प्रवेश सल्लागार आज मार्गदर्शन करतात. ज्याच्याजवळ विकावयाची जागा आहे, त्याचे बोलणे हा सल्ला नव्हे. ती विक्री आहे. एवढे एक सूत्र जरी पालकांपर्यंत पोहोचले तरी कित्येक कर्जे टळतील.

अज्ञानाची किंमत किती असते, ती कशी वसूल होते, याची काही उदाहरणे पाहावीत. अकरावीत गणिताऐवजी ‘चिटणिसाची कार्यपद्धती’ घेतली की उत्तीर्ण होणे सोपे जाते, असे मुलाला सांगितले जाते. पुढे संख्याशास्त्राकडे किंवा विमागणिताकडे वळावेसे वाटले तेव्हा दार बंद झाल्याचे त्याला कळते. सनदी लेखापाल होण्याची इच्छा असलेला, पण बारावीनंतरच्या प्राथमिक परीक्षेत अडखळलेला मुलगा निराश होऊन वाट सोडतो. वाणिज्य पदवीला ५५ टक्के गुण मिळवल्यास ती प्राथमिक परीक्षा न देता मध्यम परीक्षेच्या अभ्यासक्रमाला थेट प्रवेश मिळतो, हे त्याला कोणी सांगितलेले नसते. सहकाराची भूमी म्हणवणाऱ्या या राज्यात सहकार खात्याची सहकार व लेखाकर्माची पदविका आहे. ती मिळवलेल्यास अनुभवाच्या जोरावर सहकारी संस्थांच्या लेखापरीक्षकांच्या नामतालिकेपर्यंत जाता येते. तरीही ग्रामीण भागातल्या अनेक वर्गांत तिचे नावही उच्चारले जात नाही.

शुल्काची गोष्ट याहून गंभीर आहे. २०२४ मध्ये राज्य शासनाने वार्षिक ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या आर्थिक व सामाजिकदृष्ट्या मागास आणि इतर मागासवर्गीय घरांतील, केंद्रीभूत प्रक्रियेतून व्यावसायिक अभ्यासक्रमाला प्रवेश घेणाऱ्या मुलींचे शिक्षण व परीक्षा शुल्क माफ करण्याचा निर्णय घेतला. त्याच वर्षी व्यवस्थापनाच्या पदव्या अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या कक्षेत आल्या, त्यांना सामाईक प्रवेश परीक्षा लागू झाली आणि अनेक महाविद्यालयांनी ती टाळण्यासाठी अभ्यासक्रमाचे नावच बदलून घेतले. आता ज्या वर्गात मुलगी बसणार, तो अभ्यासक्रम सवलतीच्या आत आहे की बाहेर, हा प्रश्न प्रवेशाच्या आधी विचारावा लागतो. व्यवस्थापन कोट्यातून घाईने जागा घेतली तर ही सवलत हातची जाते. शासनाने हक्क दिला, पण हक्काची वाट सांगणारा माणूस दिला नाही, तर तो हक्क चौकस आणि सुस्थित घरांच्याच पदरात पडतो.

आता नव्या रचनेतील सर्वांत नाजूक जागेकडे यावे. पहिल्या वर्षानंतर ४० श्रेयांक आणि उन्हाळ्यात ४ श्रेयांकांचे व्यावसायिक प्रशिक्षण पूर्ण करून प्रमाणपत्रासह बाहेर पडण्याची मुभा विद्यार्थ्याला आहे. तीन वर्षांच्या आत त्याने परत यावे आणि एकूण सात वर्षांत पदवी पूर्ण करावी, अशी तरतूद आहे. कागदावर ही लवचिकता आहे. परंतु बाहेर पडणार कोण? वडिलांचा माग बंद पडलेली मुलगी, लग्नाचा तगादा लागलेली मुलगी, धाकट्या भावाच्या शुल्कासाठी कामाला जुंपलेला मुलगा. आणि ते प्रमाणपत्र कोणते दार उघडते? बँकेच्या लिपिकपदाच्या परीक्षेला पदवी लागते. राज्यसेवा परीक्षेला पदवी लागते. सनदी लेखापालाच्या थेट प्रवेशाला पदवी लागते. पूर्वी ज्याला शिक्षणातून गळती म्हणत आणि जिची लाज वाटे, तिला आता निर्गमन हे सभ्य नाव मिळाले आहे. नाव बदलल्याने जखम भरत नाही.

खरा सल्लागार नेमका येथे हवा. मुलगी दाखला मागावयास आली की फॉर्म पुढे करणारा कारकून पुरेसा नाही. कारण विचारणारा, शिष्यवृत्तीचा अडलेला अर्ज शोधणारा, कमवा आणि शिका योजनेत तिला काम मिळवून देणारा, पालकांना भेटणारा अध्यापक हवा. ही कल्पना परकी नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था काढली आणि विद्यार्थ्याच्या श्रमावर त्याचे शिक्षण उभे केले. तेथे शिक्षक हा केवळ फळ्यासमोरचा माणूस नव्हता. मुलाची भाकरी आणि मुलाचे पुस्तक, दोन्हींची चिंता तो वाहत असे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१८ मध्ये सिडनहॅम महाविद्यालयात अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले, आणि पुढे १९४६ मध्ये त्यांनी सिद्धार्थ महाविद्यालय उभारले ते नोकरी करून शिकणाऱ्या तरुणाला डोळ्यांसमोर ठेवून. ज्याची अडचण त्याच्या सोयीने संस्था वाकली पाहिजे, हे त्यामागचे तत्त्व होते.

सल्ल्याच्या मागणीत एक धोका आहे, तो दृष्टिआड करून चालणार नाही. समाजशास्त्रज्ञ बर्टन क्लार्क यांनी १९६० मध्ये अमेरिकेतील दोन वर्षांच्या महाविद्यालयांचा अभ्यास मांडला. गरीब घरच्या विद्यार्थ्याची आकांक्षा तेथील सल्लागार यंत्रणा गोड शब्दांनी हळूहळू कशी थंड करते, आणि अपयशाचा दोष व्यवस्थेऐवजी विद्यार्थ्याच्याच माथी कसा बसतो, हे त्यांनी दाखवले. आपल्याकडे तर जातीची भर आहे. ‘सी. ए. तुझ्या आवाक्यातले नाही, हिशेबाचे संगणकी काम शीक आणि लवकर कमावू लाग’, हा सल्ला आडनाव ऐकून दिला जातो की गुण पाहून, हे तपासले गेले पाहिजे. महात्मा फुल्यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे जे गाऱ्हाणे मांडले, त्याचा गाभा हाच होता की शेतकऱ्याच्या घामाचा पैसा वरच्या वर्गाच्या शिक्षणावर खर्ची पडतो. सल्ल्याच्या नावाखाली तेच घडू नये. म्हणून दिलेला सल्ला लेखी असावा, त्याची प्रत विद्यार्थ्याजवळ असावी आणि तो न मानण्याचा अधिकार विद्यार्थ्याला असावा.

माहिती आता प्रत्येकाच्या मोबाईलमध्ये आहे, तेव्हा सल्लागार कशाला, असा एक आक्षेप घेतला जातो. माहिती आणि सल्ला यांत औषधांची यादी आणि वैद्य यांच्याइतके अंतर आहे. पहिल्या पिढीच्या विद्यार्थ्याची अडचण उत्तर न मिळण्याची नाही. कोणता प्रश्न विचारावा हेच त्याला ठाऊक नसते.

तेव्हा मागण्या स्पष्ट असाव्यात. अध्यापकांच्या रिक्त जागा कायमस्वरूपी भराव्यात. विद्यार्थी सल्ल्याचे तास कार्यभारात मोजावेत. ते प्राध्यापकाच्या दयाबुद्धीवर सोडू नयेत. सल्लागाराच्या वाट्याला मोजकेच विद्यार्थी असावेत. अधेमध्ये शिक्षण सोडणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याची भेट व शुल्कसाहाय्याची चौकशी झाल्यावाचून त्याला दाखला मिळू नये. कोणत्या जातीची, कोणत्या उत्पन्नगटाची किती मुले-मुली बाहेर पडली, हे प्रत्येक महाविद्यालयाने दरवर्षी जाहीर करावे.

परंतु मागणीपत्र देऊन घरी जाणे ही समाजवादी कार्यपद्धती नव्हे. पक्षाच्या शाखांत, सेवादलाच्या शाखांवर, कामगार संघटनांच्या कचेऱ्यांत निवृत्त बँक कर्मचारी आहेत, विमा कर्मचारी आहेत, शिक्षक आहेत. आठवड्यातून एक संध्याकाळ त्यांनी वाणिज्य शाखेच्या मुलांसाठी राखून ठेवावी. अर्ज भरून द्यावेत, शिष्यवृत्तीच्या मुदती फळ्यावर लिहाव्यात, पालकांना बोलवावे. संघटनेचे आणि पतसंस्थेचे हिशेब या मुलांसमोर ठेवावेत. वाणिज्य म्हणजे केवळ दुसऱ्याच्या नफ्याची मोजदाद नव्हे. सहकारी संस्था प्रामाणिक ठेवणे, कामगाराच्या भविष्यनिर्वाह निधीचा हिशेब मागणे, ग्रामपंचायतीचा जमाखर्च लोकांना समजावून देणे, हेही वाणिज्याचेच शिक्षण आहे. असे हिशेब वाचता येणारे तरुण चळवळीला हवे आहेत, आणि त्या तरुणांना चळवळीचा आधार हवा आहे.

प्रवेशाचा हंगाम दरवर्षी येतो आणि सात-आठ आठवड्यांत संपतो. तेवढ्या अवधीत एका मुलीचे तीन वर्षांचे शिक्षण ठरते, आणि कित्येकदा तिच्या घराच्या पुढच्या पिढीचेही ठरते. त्या दिवसांत फलकवाले रस्त्यावर असतात, मध्यस्थ रस्त्यावर असतात. कार्यकर्त्यांनीही तेथे असले पाहिजे.