बर्गंडीच्या पंगतीत



फ्रेंच अन्न आणि वाइन हा विषय या व्यासपीठावर येताच काहींच्या भुवया उंचावतील, हे आम्ही जाणतो. हा तर चैनीचा विषय, त्यावर व्याख्यान कशाला, असे त्यांना वाटेल. आमचे म्हणणे एवढेच, की चैन निराळी आणि रसास्वाद निराळा. हा फरक आम्हां सहा मित्रांना फ्रान्समधील बर्गंडी प्रांतात, बोन या लहानशा शहरी, आठवडाभराच्या मुक्कामात नीट उमगला.

बोनच्या आसपास टेकड्यांच्या उतारावर द्राक्षमळ्यांची एक चिंचोळी पट्टी आहे. येथील तांबडी वाइन मुख्यतः पिनो न्वार या एकाच जातीच्या द्राक्षाची, पांढरी बहुतांशी शार्डनेची. द्राक्ष तेच, पण बांध ओलांडला की चव बदलते! मातीतील चुनखडी, उताराचे तोंड, पाण्याचा निचरा यांचा हा प्रताप. फ्रेंच लोक याला 'तेर्वार' म्हणतात. अशा नाव असलेल्या 1247 तुकड्यांना युनेस्कोने 2015 साली जागतिक वारशाचा मान दिला. आपल्याला ही कल्पना परकी वाटू नये. कोकणच्या हापूसला 2018 साली भौगोलिक मानांकन मिळाले, त्यामागे हाच विचार आहे. फ्रान्सने तो 1935 सालीच वाइनसाठी देशव्यापी कायद्यात बसविला.

पण हे सारे एकट्याने कळत नाही. पोमार आणि व्होलने ही दोन गावे शेजारी शेजारी. आम्ही दोहोंची एकेक बाटली घेतली, प्याले तिसरा हिस्साच भरले आणि घोटाघोटाने चव पारखली. पोमार अंगाने भक्कम, व्होलने नाजूक, असे तेथील जाणते सांगतात. आमच्यात मात्र वाद माजला! एकटा प्रवासी एक बाटली मागवितो आणि 'बरी आहे' म्हणून उठतो. मित्रांच्या मेळ्यात दोन बाटल्या समोर येतात, मते भिडतात, आणि जिभेला शब्द फुटतात.

जेवणाची रीतही अशीच. 2010 साली युनेस्कोने फ्रेंच भोजनप्रथेची वारसा म्हणून नोंद केली, ती एखाद्या पदार्थाची नव्हे, तर एकत्र बसून जेवण्याच्या रीतीची. प्रथम तोंडीलावणे, मग मुख्य पदार्थ, मग चीज, शेवटी गोड. चीज घालून भाजलेले पोकळ, हलके 'गुझेर' आले; तांबड्या वाइनमध्ये मंद आचेवर शिजविलेला कोंबडा आला; द्राक्षांच्या चोथ्यापासून गाळलेल्या मद्याने धुऊन मुरविलेले, उग्र वासाचे 'एप्वास' चीज आले. आमच्यातला एक शाकाहारी, एक मद्य न घेणारा. पहिल्याने पाव, सॅलड आणि दुधासायीत भाजलेल्या बटाट्यांवर ताव मारला. दुसऱ्याने पाण्याच्या प्याल्यावर तीन तास गप्पा रंगविल्या. पंगतीत कोणाचे पान उणे वाटले नाही. प्याला हे त्या पंगतीचे निमित्त, मुख्य देव नव्हे.

मद्याचे दुष्परिणाम फ्रान्सही जाणतो. 1991 च्या कायद्याने तेथे मद्याच्या जाहिरातींवर कडक बंधने आली, आणि 1960 च्या मानाने आज दरडोई वाइन निम्म्याहूनही कमी खपते. याच बोनमध्ये 1443 साली गोरगरिबांसाठी एक रुग्णालय स्थापन झाले. दानात मिळालेल्या मळ्यांच्या वाइनचा लिलाव 1859 पासून भरत आला आहे. त्याचे उत्पन्न रुग्णालयाच्या कामी येते. उपभोगाला अशी कर्तव्याची जोडही देता येते.

तथापि ही चव आज संकटात आहे. बोनच्या द्राक्षतोडणीच्या तारखा 1354 पासून उपलब्ध आहेत. त्या जुळवून 2019 साली संशोधकांनी दाखविले, की 1988 नंतर तोडणी आधीच्या शतकांपेक्षा सरासरी 13 दिवस लवकर होऊ लागली. उन्हाळे तापले, द्राक्षे लवकर पिकू लागली. ज्या बांधाबांधाच्या चवीवरून आम्ही हुज्जत घातली, ती पुढच्या पिढीला तशीच मिळेल, याची शाश्वती उरलेली नाही.

म्हणून आमचे सांगणे असे: परदेशी जा अथवा घरीच राहा, पानातील पदार्थ कोणत्या मातीतला हे विचारा, चार माणसे जमवा आणि जेवणाला वेळ द्या. ज्याची चव आपण ओळखतो, त्याच्याच रक्षणासाठी आपण उभे राहतो.