नमनालाच घडाभर तेल



आम्ही बँकेत काउंटरवर बसणारी माणसे. भाषणे करण्यापेक्षा ऐकण्याची सवय जास्त. तेव्हा ऐकणाऱ्यांच्या बाजूने दोन शब्द.

लांबण लावणाऱ्या वक्त्यांसाठी मराठीत शब्दांची ददात नाही. बोलघेवडा, वाचाळ, पाल्हाळिक हे त्यातले सौम्य. खरी गंमत कामधंद्यातून आलेल्या शब्दांत. चऱ्हाट वळणे, दळण दळणे, एरंडाचे गुऱ्हाळ! दळणातून निदान पीठ पडते. एरंडाचा चरक दिवसभर फिरवला तरी काहिलीत ओतायला रस नाही. नमनालाच घडाभर तेल, ही म्हण मशालींच्या उजेडात खेळ होत तेव्हाची. तेल नमनातच संपले तर पुढची सोंगे काळोखात. ओतले किती आणि निघाले किती, हा हिशेब ऐकणाऱ्याने मांडलेला आहे.

पण हे शब्द आपण सभा सुटल्यावर, चहाच्या गाड्यावर काढतो. व्यासपीठासमोर मात्र टाळ्या.

आपल्या बेळगावात हे परवडणारे नाही. १ नोव्हेंबर १९५६ पासूनचा इतिहास, १९६६ चा महाजन आयोग, २००४ चा सर्वोच्च न्यायालयातला दावा हे प्रत्येक वक्ता सांगतो. सांगावेच, पण समोरच्यांना ते पाठ आहे. गेल्या सभेत कॉलेजातली एक मुलगी उभी राहिली. तालुक्यात १५ टक्के लोक अल्पसंख्य भाषा बोलत असतील तर महत्त्वाच्या सरकारी सूचना त्या भाषेतही निघाव्यात, हे केंद्राने ठरवलेले संरक्षण. त्यासाठी अर्ज कुठे करायचा, कोणाच्या नावे, एवढेच तिला विचारायचे होते. तोवर साडेनऊ वाजलेले, आभारप्रदर्शन सुरू, आणि तिची शेवटची बस. ती निघून गेली. राज्यघटनेच्या ३५० ब कलमाखाली भाषिक अल्पसंख्याकांसाठी आयुक्त असतात, त्यांना लेखी कळवता येते, एवढे सांगायला दोन मिनिटे पुरली असती. त्या दिवशी नुसते हारतुरे पाऊण तास चालले!

म्हणून आमची सूचना. पुढच्या सभेत प्रश्न आधी, भाषणे नंतर. घंटा अध्यक्षांच्या हाती, आणि ती ज्येष्ठांसाठीही वाजावी. त्या मुलीला आम्ही निरोप पाठवला आहे. तिचा प्रश्न पहिला घ्यावा. अर्जाचा कच्चा मसुदा आम्ही तयार करून आणतो.

आमची पाच मिनिटे झाली. बसतो.