गहाणवटीचं सोनं

आज पदवी हातात घेणाऱ्या मुलामुलींनो,

महाडहून रायगडाकडे निघालं की वाटेत नाते लागतं. एसटीच्या खिडकीतून तुम्ही ते कितीदा तरी पाहिलं असेल. १४ जानेवारी १८९६ रोजी तिथे जन्मलेले चिंतामणराव देशमुख १९४३ मध्ये रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले. पुढच्याच वर्षी ते ब्रेटन वुड्सच्या चलनविषयक परिषदेला गेले, तेव्हा देणेकरी होता इंग्लंड. युद्धासाठी इथून उचललेल्या मालाचे पौंड लंडनच्या खात्यावर नुसते साचत होते आणि ते परत कसे मिळणार, असं आपली माणसं तिथे विचारत होती. सावकार आपण होतो! अर्थात ही सावकारी अर्धपोटी राहून केलेली होती. बंगालात त्याच सुमारास माणसं भुकेने मरत होती.

त्यानंतर ४७ वर्षांनी याच देशाने सोनं गहाण टाकलं.

१९९१ची गोष्ट तुमच्या जन्माआधीची. ऐंशीच्या दशकात सरकारने ऋण काढून सण साजरे केले. ऑगस्ट १९९० मध्ये इराकने कुवेत घेतलं, तेल भडकलं, आखातातली आपली माणसं हातची कमाई सोडून परतली. हे कोकणातल्या घरांना कुणी शिकवायला नको. जून १९९१ मध्ये तिजोरीत जेमतेम दोन-तीन आठवड्यांच्या आयातीपुरतं परकीय चलन उरलं. मे महिन्यात २० टन सोनं स्टेट बँकेमार्फत परत घेण्याच्या बोलीवर परदेशी विकलं होतंच. जुलैत आणखी सुमारे ४७ टन विमानाने लंडनला गेलं. त्यावर बँक ऑफ इंग्लंड आणि बँक ऑफ जपान यांच्याकडून ४० कोटी डॉलर मिळाले.

पंतप्रधान होते नरसिंह राव. फर्ग्युसनमध्ये शिकलेले, रामटेकहून दोनदा लोकसभेवर गेलेले, आणि आता पाठीशी बहुमत नसलेले. १ जुलैला रुपयाचं अवमूल्यन झालं. दुसरा हप्ता ३ जुलैचा होता. मधल्या दोन दिवसांत रावांचा धीर सुटला; दुसरा हप्ता थांबवा, असं त्यांनी सांगितलं. अर्थमंत्री मनमोहन सिंगांनी रिझर्व्ह बँकेचे डेप्युटी गव्हर्नर रंगराजन यांना फोन केला, तर काम उरकलेलं होतं. हा किस्सा लोक हसून सांगतात. मला हसू येत नाही. पाय लटपटत असतानाही रावांनी अर्थमंत्र्याच्या पाठीवरचा हात काढला नाही. २४ जुलैच्या अर्थसंकल्पात खताचे भाव ४० टक्क्यांनी वाढवले, तेव्हा त्यांच्याच पक्षाचे खासदार उठले. वाढ ३० टक्क्यांवर आली आणि लहान शेतकऱ्याला वगळलं गेलं. तुमच्या भातखाचरांना सुधारणेची झळ तेवढी कमी लागली ती या भांडणामुळे. सुधारणा मनमोहन सिंगांच्या एकट्याच्या डोक्यातून उतरल्या असं मानणाऱ्यांनी हे भांडण विसरू नये.

एक गोष्ट मात्र मला आजही पटलेली नाही. अवमूल्यन गुपचूप करावं लागतं. आधी सांगितलं तर बाजार लुटून नेईल. सोनं गुपचूप का न्यायचं? लोकांना ते वर्तमानपत्रातून कळलं. घरातलं मंगळसूत्र गहाण ठेवायचं, तर ते जिच्या गळ्यात आहे तिला आधी सांगावं लागतं. (बरेच नवरे सांगत नाहीत, ते सोडा.) ते सोनं वर्ष संपायच्या आत सोडवलं, हे खरं. पण न सांगितल्याचा बोल त्याने पुसला जात नाही.

चिंतामणराव १९५२ मध्ये तुमच्याच, तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यातून लोकसभेवर गेले. ज्या स्टेट बँकेच्या हातून पुढे ते २० टन सोनं गेलं, ती त्यांच्याच अर्थमंत्रिपदाच्या काळात, १९५५ मध्ये सुरू झाली. १९५६ मध्ये त्यांनी राजीनामा दिला. मुंबई महाराष्ट्रापासून तोडायला त्यांचा विरोध होताच. पण एवढा मोठा निर्णय मंत्रिमंडळात चर्चा न होताच झाला, हेही त्यांनी लोकसभेत उभं राहून सांगितलं. आणि चवदार तळ्याचं पाणी १९२७ मध्ये ओंजळीत घेणाऱ्या बाबासाहेबांनी त्याआधी चार वर्षं रुपयावर ग्रंथ लिहिला होता. चलन राज्यकर्त्यांच्या मर्जीवर सोडू नये, असा त्यांचा आग्रह. तळं सगळ्यांचं, तसा जमाखर्चही सगळ्यांचा.

ऐंशीच्या दशकातलं ते कर्ज काही लपलेलं नव्हतं. दरवर्षीच्या अर्थसंकल्पात छापलेलं होतं. वाचलं कुणी?

तुमच्यातले बरेच जण आता मुंबई-पुण्याची वाट धरतील. मे महिन्यात चाकरमानी गावी येतोच. या वेळी दोन दिवस आधी या. १ मेला ग्रामसभा असते. तिथे बसा आणि पंचायतीचा जमाखर्च मोठ्याने वाचायला लावा. सरपंच तुमचा सख्खा काका असला, तरी लावा.