उवांची लाज नको, फणी हवी

दुपारची भांडी आटोपून आता कोणी तांदूळ निवडत असेल, कोणी पोराला मांडीवर घेऊन बसली असेल. जिच्या मांडीवर पोर आहे तिने ऐकता ऐकता त्याचे केस बाजूला करून कानामागे जरा बघा. आजचा विषय तोच आहे. उवा.

हसू आलं ना? बैठकीत मी हा विषय काढला तेव्हा आमच्याही बाया हसल्या, आणि मग एकदम गप्प झाल्या. थकलेल्या हप्त्याचं, नवऱ्याच्या दारूचं, पाळीचंसुद्धा आपण आता बैठकीत बोलतो. पण माझ्या पोरीच्या डोक्यात उवा झाल्यात, हे चारचौघींत सांगायला जीभ उचलत नाही. म्हणून आधी माझंच सांगते.

गेल्या पावसाळ्यात शाळा सुरू होऊन थोडे दिवस झाले होते. माझी लेक दुसरीत. रात्री झोपेत कराकरा डोकं खाजवायची. मला वाटलं, घामोळं असेल. एकदा वेणी घालताना उजेडात पाहिलं, तर कानामागे लिखाच लिखा. तेव्हा माझ्या मनात पहिलं काय आलं असेल? तिच्या बाकावर कातकरवाडीतली मुलगी बसते. तिचे आईबाप दिवाळीनंतर वीटभट्टीवर जातात, पावसाच्या तोंडावर परत येतात. मी म्हटलं, तिच्याच उवा आल्या. आणि लेकीला सांगून टाकलं, उद्यापासून तिच्याजवळ बसू नकोस.

लेकीने ते जसंच्या तसं वर्गात सांगितलं. दोन-तीन दिवसांनी ती मुलगी शाळेत यायची बंद झाली.

तिची आई आमच्याच ग्रामसंघातल्या वाडीच्या गटात आहे. महिन्याचं रजिस्टर लिहायला मी वाडीवर गेले, तर पोर दाराआड उभी. डोक्याचे केस कात्रीने कसेही कापलेले, कुठे मुठीएवढे, कुठे टाळू दिसतेय. आई म्हणाली, "ताई, तुमच्या पोरीला आमच्या उवा लागल्या म्हणं. मग कापून टाकले." रागाने नाही बोलली, हे सगळ्यात लागलं. मी तिच्या बचतीचे पैसे मोजून घेतले आणि मान खाली घालून घरी आले.

घरी आल्यावर सगळ्यांची डोकी बघितली. सासूबाईंच्या केसात उवा. माझ्या केसात उवा. मे महिन्याच्या सुट्टीत बदलापूरहून नणंदेची मुलगी आली होती, माझ्या लेकीजवळ एकाच उशीवर महिनाभर झोपली. नणंदेला फोन केला तर ती म्हणाली, "अगं, तिच्या तर मार्चपासूनच आहेत, सांगायची लाज वाटली." तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट, चोवीस तास पाणी, महागाचा शांपू, तरी उवा. आता कोणाकडून कोणाला गेल्या ते ऊ काही सांगत नाही. पण मी मात्र चौकशी न करताच एका पोरीवर ठपका ठेवला होता.

तेव्हापासून मी या विषयाची माहिती गोळा केली. आरोग्य केंद्रात विचारलं, आशाताईंशी बोलले. ती आता नीट ऐका.

ऊ उडत नाही आणि उडीही मारत नाही. ती फक्त सरपटते. म्हणून ती पसरते ती डोक्याला डोकं लागून. पोरं एका गोधडीत झोपतात, एका पाटीवर डोकी जोडून चित्र काढतात, आजीच्या कुशीत शिरतात, तेव्हा. अस्वच्छतेचा आणि उवेचा काही संबंध नाही. रोज नाहणाऱ्याच्या डोक्यातही ती सुखाने राहते. नदीत डुबकी मारूनही ती मरत नाही, पाण्याखाली कितीतरी तास तग धरते. तिला हवं असतं माणसाचं रक्त आणि डोक्याची ऊब. डोक्यावरून खाली पडली तर एक-दोन दिवसांत मरते.

मोठी ऊ तिळाएवढी. मादी दिवसाला सहा-आठ अंडी घालते, त्यांनाच आपण लिखा म्हणतो. ती केसाच्या मुळाशी चिकटवते. आठ-नऊ दिवसांनी लीख फुटून पिल्लू बाहेर येतं आणि पुढच्या नऊ-बारा दिवसांत तेही अंडी घालायला लागतं. हा हिशेब लक्षात ठेवा, कारण आपण फसतो ते इथेच. एकदा औषध लावलं, उवा मेल्या, आपण निवांत झालो. पण लिखा राहिल्या. आठवड्याने त्या फुटल्या की आपण म्हणतो, औषध खोटं होतं. औषध खोटं नव्हतं, आपण दुसरी पाळी चुकवली.

कोंडा आणि लीख यातला फरकही सांगते. कोंडा फुंकर मारली की उडतो. लीख बोटाने ओढली तरी केसावरून सरकत नाही, नखाने खरवडावी लागते. मुळापासून बोटभर लांब गेलेली पांढरी लीख म्हणजे बहुतेक रिकामं टरफल. ते बघून घाबरू नका. जिवंत ऊ दिसली तरच उपाय करा.

आता उपाय. सगळ्यात भरवशाचा उपाय आपल्या घरात आहे, बारीक दातांची फणी. साध्या कंगव्याने ऊ निघत नाही. केसांना मुळापासून भरपूर खोबरेल तेल चोळा. तेलाने ऊ मरेलच असं नाही, पण ती सुस्त होते, पळत नाही, आणि फणी सरकते. आधी कंगव्याने गुंता काढा. मग केसांचे बोटभर रुंदीचे भाग करा. फणी टाळूला टेकवून मुळापासून टोकापर्यंत ओढा आणि दर वेळी पांढऱ्या फडक्याला पुसा. फडक्यावर काय आलं ते दिसतं. कानामागे आणि मानेवर जास्त वेळ द्या, ऊ तिथेच जास्त असते. लांब केसांना अर्धा-पाऊण तास लागतो. पोर कंटाळतं, तेव्हा त्याला गोष्ट सांगा.

हे एकदा करून भागत नाही. दर चौथ्या दिवशी, असं दोन आठवडे करायचं. समजा रविवारी सुरू केलं, तर मग गुरुवारी, पुढच्या सोमवारी आणि मग शुक्रवारी. त्यानंतरच्या मंगळवारी फक्त तपासायचं. काहींच्या घरी ठरावीक वारी केस धूत नाहीत. नका धुऊ. फणीला पाणी लागत नाही, तेल पुरे. आपल्या कितीतरी वाड्यांवर एप्रिल-मेमध्ये प्यायला पाणी नसतं, तिथे रोज डोकं धुवा असं मी कोणत्या तोंडाने सांगू? फणी तिथेही चालते.

मेडिकलमध्ये पर्मेथ्रिनचं एक टक्क्याचं लोशन मिळतं. आरोग्य केंद्रात विचारून घ्या. आधी केस धुवायचे, टॉवेलने टिपायचे, त्या दिवशी तेल लावायचं नाही. लोशन दहा मिनिटं ठेवून धुऊन टाकायचं, डोळ्यांत जाऊ द्यायचं नाही. नऊ दिवसांनी दुसऱ्यांदा लावायचं. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाला ते अजिबात लावायचं नाही, तान्ह्याला फक्त फणी. पोटुशी असाल किंवा अंगावर पाजत असाल, तर डॉक्टरांना विचारूनच लावा. लोशन लावलं तरी फणी सुटत नाही, कारण काही उवा आता औषधालाही दाद देत नाहीत.

आता हात जोडून सांगते, काय करू नका. रॉकेल लावू नका. टाळू भाजते, आणि तसंच चुलीजवळ गेलं तर पोर पेटेल. भातावर मारायचं औषध, ढेकणाचं औषध, मुंग्यांचा खडू, डासांचा फवारा यातलं काहीही डोक्याला लावू नका. ते विष टाळूतून अंगात भिनतं आणि पोर दगावू शकतं. सीताफळाच्या बियांची पूड तर आपल्या आज्या लावायच्या. ती डोळ्यात गेली तर बुबुळाला जखम होते. ओघळ येऊन कोणाच्या डोळ्यात गेलंच, तर स्वच्छ पाण्याची धार पंधरा-वीस मिनिटं डोळ्यावर धरा आणि लगेच दवाखाना गाठा.

आणि पोरीचे केस रागाने कापू नका. गरज नसते. केस परत येतात, पण वर्गातलं हसणं ती विसरत नाही.

डोक्यात फोड आले, पू झाला, मानेला गाठी आल्या, ताप आला, तर घरी न थांबता आरोग्य केंद्रात जा. खाजवून नखाने जखम होते आणि ती चिघळते. नखं कापलेली ठेवा. काहीजणी म्हणतात, उवांनी रक्त पिऊन पोर पांढरं पडलं. ऊ पिते ते रक्त थेंबाहून कमी. पोर फिकट दिसत असेल तर उवेवर ढकलू नका, त्याचं हिमोग्लोबिन तपासून घ्या. अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक पोरं तपासायला येतं, तेव्हाही डॉक्टरांना हे दाखवा.

सगळ्या गोधड्या धुवायची गरज नाही. दोन दिवसांत वापरलेल्या उशीच्या खोळी, टॉवेल, टोप्या, ओढण्या गरम पाण्यात धुवा आणि उन्हात टाका. फणी-कंगवे कडक गरम पाण्यात दहा मिनिटं बुडवा. पावसात ऊन नसेल तर कपडे पिशवीत बांधून दोन आठवडे बाजूला ठेवा.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे घरातली सगळी डोकी एकाच दिवशी तपासा. आजीचं, बापाचं आणि आपलं स्वतःचंही. आपण पोरांचं बघतो, आपलं कोण बघणार? म्हणूनच गट लागतो.

आमच्या ग्रामसंघाने तेच केलं. मी आधी वाडीवर जाऊन त्या माऊलीची आणि तिच्या पोरीची माफी मागितली. माझ्याच डोक्यात उवा निघाल्या, हेही सांगितलं. ती हसली, म्हणाली, "बसा ताई, मी बघते." आणि खरंच, माझं डोकं पहिल्यांदा तिनेच बघितलं. मग आम्ही वर्गणी काढून फण्या आणल्या, घरटी एक. एका रविवारी गावात आणि वाडीवर एकाच वेळी बसलो. शाळेतल्या बाईंनी निरोप दिला, पण कोणत्याही पोराचं नाव वर्गात घ्यायचं नाही असं आधीच ठरवलं. दुसऱ्या पाळीला निम्म्याच बाया आल्या, तेव्हा घरोघर जावं लागलं. दोन घरांत पुन्हा झाल्या, तिथे पुन्हा सुरुवात केली. ती मुलगी शाळेत आली. माझ्या लेकीजवळ बसायला तिला बरेच दिवस लागले. आता बसते.

जाता जाता एक गंमत. इस्रायलमध्ये लाखीश नावाच्या जुन्या गावात हस्तिदंताची एक फणी सापडली, साधारण 3,700 वर्षांपूर्वीची. तिच्यावर कोरलंय की या फणीने केसांतल्या आणि दाढीतल्या उवा जाऊ देत. वर्णमालेत लिहिलेलं हे आजवर सापडलेलं सगळ्यात जुनं पूर्ण वाक्य आहे, असं 2022 मध्ये जाणकारांनी जाहीर केलं. हस्तिदंत काही गरिबाकडे नसतं. म्हणजे तेव्हाच्या श्रीमंतांनाही उवा होत्या, आणि इलाजही हाच होता. मग आपण कशाला लाजायचं?

तर येत्या बैठकीत बचतीचा हिशेब झाला की रजिस्टर मिटायच्या आधी एकमेकींची डोकी बघा. पहिलं डोकं अध्यक्षांचं बघा, म्हणजे बाकीच्या लाजणार नाहीत. येते मी. पोराबाळांना जपा. नमस्कार.