यंत्र सुरू होते, पण नाव हलत नाही

(पूरपूर्व तयारीच्या प्रशिक्षणवर्गात केलेल्या भाषणावरून)



कृष्णा आणि पंचगंगेच्या काठी राहणाऱ्यांना २००५, २०१९ आणि २०२१ या वर्षांची आठवण करून देण्याचे कारण नाही. पुराचे पाणी गावात शिरले की रस्ते संपतात आणि नावेवाचून गत्यंतर उरत नाही. काठावरील कित्येक गावांत आज नाव आहे, तिच्या मागील फळीस लावावयाचे यंत्रही आहे. परंतु ते यंत्र वर्षातील बहुतेक काळ कोठीत पडून राहते आणि ऐन श्रावणात आपण त्याच्याकडून प्राणरक्षणाची अपेक्षा करतो.

मी कला शाखेचा पदवीधर. यंत्रविद्येचा अधिकार मी सांगत नाही. पण एका गावी सरावाच्या दिवशी पाहिलेला प्रकार मनातून जात नाही. यंत्र सुरू झाले, गिअरचा दांडा पुढे सारला, नाव मात्र जागच्या जागी. ‘गिअर गेला’ असा निकाल काठावर एकमताने लागला आणि यंत्र शहरात नेण्यासाठी टेम्पोही बोलावला गेला. तेवढ्यात एका वयस्क मिस्त्रींनी यंत्राचे वरचे झाकण काढले. केबलच्या टोकाची पिन निसटली होती. पाच मिनिटांचे काम! हेच जर भर पुरात, नावेत लहान मुले बसलेली असताना घडले असते तर?

जुन्या यंत्राच्या गिअरविषयीच्या अनेक तक्रारींचे मूळ गिअरच्या पेटीबाहेर असते, हे मला आपणांस मुख्यत्वे सांगावयाचे आहे. म्हणून शोध वरून खाली घ्यावा. पेटी सर्वांत शेवटी.

पेटीतील रचना तशी सोपी आहे. वरून येणाऱ्या उभ्या शाफ्टाच्या टोकाचे लहान चाक दोन दातेरी चाकांना सतत परस्परविरुद्ध दिशांनी फिरवीत असते. त्या दोहोंच्या मध्ये, पंख्याच्या शाफ्टावर, एक सरकती दातेरी कडी असते. ती एका चाकात अडकली की नाव पुढे जाते, दुसऱ्यात अडकली की मागे; मध्ये राहिली तर न्यूट्रल. दांडा, केबल व सळई यांचे काम एवढेच, की ती कडी सरकवावी.

तपासणीपूर्वी यंत्र बंद करावे, सुरक्षा-दोरी काढावी आणि स्पार्क प्लगच्या टोप्याही काढून ठेवाव्यात. मग न्यूट्रलमध्ये पंखा हाताने फिरवून पाहावा. तो मोकळा फिरला पाहिजे. नंतर एकाने पंखा सावकाश फिरवीत असता दुसऱ्याने दांडा टाकावा. यंत्र बंद असताना पंखा न फिरविता दांडा जोराने रेटू नये. केबल वाकते आणि नसलेला दोष निर्माण होतो. गिअर पडताच पंखा अडकला पाहिजे. काही यंत्रांत ‘पुढे’च्या गिअरमध्ये तो एकाच दिशेस अडकतो व दुसऱ्या दिशेस कटकट आवाज करीत फिरतो, त्याने घाबरू नये.

दांडा जड लागत असेल तर केबल यंत्राच्या टोकाकडून सोडवावी आणि यंत्रावरील आडदांडी हाताने हलवून पाहावी. ती सहज हलली तर दोष केबलमध्ये किंवा दांड्याच्या पेटीत आहे. केबलच्या आवरणास चीर पडली की पाणी आत जाऊन गंज चढतो. अशी केबल तेल घालून वापरू नये, बदलावी. केबल सोडविल्यावरही आडदांडी जडच राहिली, तर मात्र खाली पाहावे लागेल.

यंत्राचा आवाज वाढतो, पण नाव रखडते, असे झाल्यास प्रथम पंख्याकडे पाहावे. पंख्याच्या मधल्या रबरी भागाची पकड सुटलेली असू शकते. मधल्या भागावर व पंख्यावर मिळून रंगाची एक रेघ ओढावी. नाव चालवून आणल्यावर रेघेची दोन टोके सरकलेली दिसली तर दोष सापडला. लहान यंत्रांत दगडावर आदळून पंख्याची पिन तुटते. जादा पिन नावेतच ठेवावी, पंचायतीच्या कपाटात नव्हे.

भार येताच गिअर निसटत असेल तर प्रथम केबलची जुळवणी पाहावी. ती बरोबर असेल, तर कडीचे दाते झिजलेले असण्याचा संभव मोठा. ही झीज बहुधा आपल्याच हातून होते. काळजी म्हणून दांडा हळूहळू टाकला जातो, आणि दाते एकमेकांवर घासत राहतात. यंत्राचा वेग अगदी कमी करून दांडा एका झटक्यात टाकावा. न्यूट्रलमधील वेगच चढा ठेवलेला असेल तर कितीही सफाईने टाकला तरी खडखडाट होणारच. तो वेग आधी उतरवून घ्यावा. यंत्र गिअरमध्ये असताना सुरू होत असेल तर ते त्या दिवशी वापरूच नये.

पेटीची प्रकृती तिचे तेल सांगते. खालचा स्क्रू काढून थोडे तेल पांढऱ्या फडक्यावर घ्यावे. ते दुधाळ असेल तर आत पाणी शिरले आहे. पंख्यामागे गुंडाळलेला नायलॉनचा दोरा शाफ्टाचे सील कापतो, हे त्याचे एक नेहमीचे कारण. तेलात धातूचे तुकडे दिसले तर यंत्र जाणत्या कारागिराकडे न्यावे. तेल दर १०० तासांनी किंवा निदान वर्षातून एकदा बदलावे. नवे तेल खालच्या छिद्रातून भरावे व वरच्या छिद्रातून बाहेर येईपर्यंत भरीत राहावे; वरून ओतल्यास हवा अडकते. दोन्ही स्क्रूंचे वॉशर नवे घालावेत.

शेवटची चाचणी मे महिन्यात, नाव काठाला भक्कम बांधून पाण्यातच घ्यावी. कोरडे चालविल्यास यंत्राला थंड ठेवणारा पाण्याचा पंप खराब होतो. पुढे, न्यूट्रल, मागे असे दहा वेळा करून पाहावे आणि चाचणीची तारीख, चालविणाऱ्याचे नाव व तेलाचा रंग नावेच्या नोंदवहीत लिहून ठेवावा.