टेप बंद कर

१९८८ साली मुंबईच्या ‘रॉक मशीन’ बँडचा पहिला अल्बम आला, ‘रॉक अँड रोल रेनेगेड’. गायक उदय बेनेगल, गिटारवर महेश तिनईकर. मामेभावानं ती कॅसेट कासुर्डीत आणली. गिटारचा गडगडाट ऐकून अब्बा म्हणाले, ‘‘टेप बिघडला काय रे?’’ इंग्रजी मला निम्मंच कळत होतं. पण भाऊ म्हणाला, ‘‘गाणी यांची स्वतःची आहेत.’’ १९८४ साली सुरू झालेला हा बँड आधी परदेशी गाणीच वाजवायचा. ऐकणाऱ्यांनाही तीच हवी असत. मी तेव्हा चोरून मराठीत कविता लिहायचो. ‘उर्दू सोडून मराठीत कशाला?’ असं घरचे विचारतील, ही धास्ती. त्या रात्री टेप चालू असतानाच वही काढली, वाचायला लागलो. अब्बा म्हणाले, ‘‘टेप बंद कर. नीट ऐकू दे.’’