तीनदा झालेला टायफॉईड



आमच्या मोठ्या जाऊबाईंना एका वर्षात तीनदा टायफॉईड झाला. म्हणजे कागदावर झाला. दर वेळी ताप, दर वेळी ‘विडाल पॉझिटिव्ह’, दर वेळी सलाईन आणि अँटिबायोटिकची इंजेक्शनं. तिसऱ्या खेपेला त्यांनी बचत गटातून कर्ज उचललं. शेवटी एका डॉक्टरांनी सगळे कागद ओळीनं लावले आणि विचारलं, “ताप आल्यावर कितव्या दिवशी रक्त दिलं होतं?” घरात कुणालाच सांगता येईना.

विडाल ही तपासणी १८९६ सालची, फ्रान्समधली. ती जंतू शोधत नाही. जंतूशी लढायला शरीरानं जे तयार केलं ते मोजते. चोर नाही, चोराच्या पाऊलखुणा. या खुणा कित्येक महिने पुसत नाहीत, दुसऱ्या तापातही कधी कधी दिसतात. उलट पहिल्या आठवड्यात खरा टायफॉईड असला तरी विडाल निगेटिव्ह येऊ शकते. एकट्या विडालवर भरवसा ठेवू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

आता चोरालाच धरणाऱ्या तपासण्या आल्यात. भांडंभर दुधाला चमचाभर विरजण पुरतं ना? तसंच. जंतूच्या जनुकाचा बारीकसा तुकडा नळीत वाढवत नेतात, तो दिसण्याइतका झाला की जंतू ओळखू येतो. जपानी शास्त्रज्ञांनी २००० साली ‘लॅम्प’ नावाची पद्धत मांडली. तिला साठ-पासष्ट अंशांची एकसारखी ऊब पुरते, आणि तासाभरात नळीतलं पाणी गढूळ झालं की नाही ते नुसत्या डोळ्यांनी कळतं. आपल्याकडचं ‘ट्रूनॅट’ यंत्र गोव्यातली कंपनी बनवते. ते बॅटरीवर चालतं, त्यामुळे लोडशेडिंगची काळजी नाही. कोविडमध्ये आणि टीबीसाठी तुम्ही त्याचं नाव ऐकलं असेल. लेप्टो, स्क्रब टायफस यांच्या चिपा वेगळ्या असतात. टीबीची चिप आहे म्हणून तापाची असेलच असं नाही, विचारावं लागतं.

टायफॉईडमध्ये मात्र ही तपासणीही चकते. रक्तात जंतू फार थोडे असतात, घेतलेल्या थेंबात ते येतीलच असं नाही. तिथं अजून रक्ताचं कल्चरच खरं, आणि तेही अँटिबायोटिक सुरू होण्याआधी घेतलेलं.

स्क्रब टायफसचं मुद्दाम सांगते. २०१८ साली नागपूरकडं त्याची मोठी साथ आली होती. गवतातल्या बारीक किड्याच्या पिल्लाच्या चाव्यानं तो होतो, आणि पाटाच्या कडेचं गवत आपणच कापतो. चावल्या जागी विडी टेकवल्यासारखी काळी खपली पडते, पण दुखत नाही. ती असते कुठं? काखेत, जांघेत, छातीखाली, परकराच्या नाडीखाली. आपण ती दाखवत नाही, म्हणून ती सापडत नाही. लाजू नका, नर्सताईंना दाखवा. ही तपासणी त्या खपलीवरही होते आणि चांगली होते. टायफॉईडची इंजेक्शनं या तापाला लागू पडत नाहीत. डॉक्सीसायक्लिन ही स्वस्तातली गोळी वेळेत मिळाली तर ताप बहुधा दोन दिवसांत उतरतो. पण गोळी डॉक्टरांनीच द्यायची, आणि पोटुशी बाई असेल तर ते आधी सांगायचं.

जाऊबाई आता ताप आला की पहिल्या दिवसाची तारीख कॅलेंडरवर लिहितात. दुधाचा हिशेब लिहायचं तेच कॅलेंडर.